मागच्या चाकाचे दहा फेरे

तळहातावरचं ते चाक हिरवं होतं. चाक म्हणायचं एवढंच, कोटाच्या बटणापेक्षा जरासं मोठं, प्लॅस्टिकचं, कडेने बारीक दाते, तेलात मुरून मुरून काळवंडलेलं – वेंडेलने अंगठ्याने तेल पुसलं, मग शर्टाच्या टोकाने पुसलं, आणि पुसावं तसतसं ते जास्तच हिरवं दिसायला लागलं. गिअरबॉक्सच्या शेपटाकडे हे बसतं आणि वेगाच्या काट्याला सांगतं की गाडी किती पळते आहे. मागच्या एक्सलमध्ये जशी गिअरची जोडी असेल तसे याचे दाते, आणि जितके दाते त्याप्रमाणे याचा रंग. या गाडीत हिरवा रंग असायचं काही कारण नव्हतं. मोजायला हवेत... एका नखाचं काम, एकेक दाता सरकवत जायचं, अर्ध्या मिनिटात उत्तर. एकतीस वर्षं ज्याने गिअरचे दाते कातून पोट भरलं, त्याने ते मोजले नाहीत. चिंधीत गुंडाळून त्याने चाक खिशात टाकलं, खिशाचं बटण लावलं, आणि तो गाडीखालून बाहेर निघायला लागला. बाहेर निघणं हेही हल्ली एक वेगळंच काम होतं – आधी खांदा, मग कंबर, मग उजवा गुडघा, आणि सर्वांत शेवटी, बऱ्याच मनधरणीनंतर, डावा.

शनिवारचे साडेनऊ झाले होते. गॅरेजचं दार अर्धं वर होतं आणि त्याखालून मेपलची पानं आत येत होती. काल झाडली होती, परवा झाडली होती. दमण्याचं त्याला आता काही वाटत नसे, एकाहत्तराव्या वर्षी माणूस दमतोच, पण झोपून उठलं तरी ते दमलेपण तिथेच असायचं, पलंगाच्या पायाशी काढून ठेवलेल्या सपातांसारखं, पाय घातला की चाललं बरोबर. एक वाजेपर्यंत रोंडाला फोन करायचा होता. साडेतीन तास. तीन वर्षांत जे ठरलं नाही ते साडेतीन तासांत ठरवायचं होतं.

रोंडा ओहायोमधल्या एका दुकानात गिअरबॉक्स विकते. तिला त्याने कधी पाहिलेलं नाही, पण आवाजावरून त्याने तिची मूर्ती केव्हाच घडवली होती – पन्नाशीची, सिगारेट ओढणारी, टेबलाखाली कुत्रा. काल तीच आपणहून फोनवर आली.

"अहो क्राउससाहेब, तीन वर्षं बोलतोय आपण. तेवढ्या वेळात माझं एक लग्न मोडलं, दुसरं झालं. तुमचा गिअरबॉक्स काही ठरेना."

"ठरतोय."

"हे बघा, पाच गतींच्या दोन पेट्या आहेत माझ्याकडे. एकीचा पाचवा गिअर बेताचा लांब, दुसरीचा चांगलाच लांब. मागचा एक्सल कुठला तेवढं सांगा, तुमची पेटी कुठली ते मी आत्ता सांगते."

"तीन एकतीस."

"कशावरून?"

"कागदावरून. कारखान्यातून गाडीबरोबर निघालेला मूळ कागद आहे माझ्याकडे."

"कागद ठेवा बाजूला. कागदाला चाकं नसतात. गाडी वर घ्या, चाक फिरवा आणि मोजा. उद्या एकपर्यंत मी दुकानात आहे. नंतर दोन्ही पेट्यांना गिऱ्हाईक तयार आहे, मग मला बोल लावायचा नाही."

मोजा. हा शब्द तिने सहज टाकला, कुणीही टाकेल, आणि तरी तो ऐकल्यावर त्याला स्वयंपाकघरातली खुर्ची ओढून घेऊन बसावं लागलं होतं. ग्लेंडा सिंकपाशी होती. तिने मागे वळून पाहिलं, नळ सोडला.

गाडी म्हणजे एकोणसत्तर सालची शेव्हेल, दोन दारांची, गडद निळी, बॉनेटखाली अंगापेक्षा मोठं इंजिन. त्र्याऐंशी साली टेक्ससला निघालेल्या एका माणसाकडून त्याने ती घेतली. गिअरबॉक्स चार गतींचा, या गावच्या – मन्सीच्या – नावानेच अख्ख्या देशात ओळखला जाणारा. इथेच, नदीपलीकडच्या कारखान्यात झालेला, आणि त्या वर्षी तपासणीच्या टेबलावर वेंडेलचा बाप बसत होता. म्हणजे हा बॉक्स बापाच्या हाताखालून गेला असण्याची शक्यता होती. शक्यताच, पण एवढ्यावर माणूस चाळीस वर्षं काढू शकतो. कारखाना गेला, जमीन सपाट झाली, तिथे आता गवत कापायलाही कुणी येत नाही, पण बॉक्स राहिला. चौथ्या गिअरच्या वर त्यात काही नाही. हमरस्त्याला लागलं आणि सत्तर मैलांवर काटा गेला की इंजिन असं ओरडतं की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. ग्लेंडा लांबच्या प्रवासात कानात कापूस घालायची. पाचवा गिअर, हा वरचा, ओव्हरड्राइव्ह म्हणतात तो – त्याने गाडी जोरात पळत नाही, इंजिन सावकाश फिरतं, एवढंच. गाडी तीच, वेग तोच, फक्त आवाज उतरतो. लोक त्याला सुख म्हणतात.

बोलता येईल आपल्याला, ग्लेंडा म्हणाली होती. तीन वर्षांपूर्वी, पहिल्यांदा हा विषय निघाला तेव्हा. नेब्रास्कापर्यंत नऊशे मैल, बोलत बोलत जाऊ.

नेब्रास्कात कर्टिस होता. एकुलता एक मुलगा, आता अडतीस वर्षांचा, रेल्वेत कामाला, त्याला सहा वर्षांची मुलगी. ग्लेंडा तिथे दोनदा जाऊन आली, एकटी. दर रविवारी चर्चहून आल्यावर दोन वाजता कर्टिसचा फोन येतो, आणि दर रविवारी दोनला पाच मिनिटं असताना वेंडेलला गॅरेजमध्ये काहीतरी काम निघतं. एकोणीस वर्षं. तीन वर्षांपूर्वी कधी नव्हे ते त्याच्या तोंडून निघून गेलं – जाऊ, नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला जाऊ, पण शेव्हेलनेच जायचं, आधी गिअरबॉक्स बसवतो. दारात ब्यूइक उभी आहे, चांगली धडधाकट, उद्या सकाळी किल्ली फिरवली तर परवा दुपारी नेब्रास्का. ते त्याला माहीत होतं, ग्लेंडाला माहीत होतं, बहुधा कर्टिसलाही. नाचता येईना, अंगण वाकडं. पण अंगण किती वाकडं आहे हे मोजण्यात त्याने तीन वर्षं मन लावून घालवली.

पहिलं वर्ष गुडघ्यात गेलं. डाव्या पायाला क्लच सोसेना, म्हणून आपोआप गिअर बदलणारा बॉक्स घ्यावा की काय. वह्या भरल्या, माहितीपुस्तकं मागवली, आणि शेवटी ठरलं की नाही, हातात दांडा नसेल तर ती गाडी नव्हे, सोफा. दुसरं वर्ष जमिनीत गेलं – नवी पेटी अंगाने मोठी, ती बसवायची तर गाडीच्या तळाचा पत्रा मधोमध कापावा लागतो, आणि पत्रा कापणं म्हणजे बुधवारच्या मंडळींत तोंड दाखवायला जागा नाही. बुधवारी संध्याकाळी जुन्या गाड्यांची माणसं बर्गरच्या टपरीसमोर जमतात, बॉनेटं उघडून खुर्च्या टाकून बसतात. त्यांचा एकच धर्म – नंबर जुळला पाहिजे. इंजिनावरचा, गिअरबॉक्सवरचा, एक्सलच्या नळीवरचा. लहानसा आरसा आणि बॅटरी घेऊन ही सत्तरीची माणसं एकमेकांच्या गाड्यांखाली शिरतात, गंजातले आकडे वाचतात, आणि मूळ कागद ज्याच्याकडे आहे त्याच्याशी जरा अदबीने बोलतात. वेंडेलकडे कागद होता. मागच्या सीटच्या स्प्रिंगांत अडकलेला, उंदरांनी एक कोपरा खाल्लेला. मागचा एक्सल, तीन पूर्णांक एकतीस. चाकाचा एक फेरा झाला की मधला लांब दांडा तीन फेरे आणि वर तिसरा हिस्सा फिरणार. नळीवरचा आकडाही तेच सांगत होता. नळी उघडून आत कुणी बघत नाही. बाहेर नंबर जुळल्यावर आत काय बघायचं? बाप म्हणायचा, गिअरच्या टोपलीला जी चिठ्ठी लावलीय तीच खरी. चिठ्ठी चुकली असं म्हणायचं असेल तर आधी अख्खा कारखाना चुकला असं म्हण.

दाराबाहेर पावलं वाजली. ग्लेंडा वाकून आत आली, हातात कॉफी.

"झालं का तुझं बाळंतपण? हत्तीण सुटली असती एव्हाना."

"मोजायचंय म्हणते ती."

"कोण?"

"ओहायोची. एक्सल मोजल्याशिवाय पेटी देत नाही."

ग्लेंडाने कप बाकावर ठेवला. क्षणभर – त्याला वाटलं, की वाटलंही नसेल – तिचा हात कपावरच राहिला. दर नोव्हेंबरला ती एक वाक्य बोलते, ब्यूइकची टाकी भरलेली आहे, एवढंच, आणि आत जाते. आज ती ते बोलली नाही.

"मग मोजू की. बादली दे मला बसायला."

त्याने जॅक लावला. मागची दोन्ही चाकं उचलून, खाली लोखंडी घोडे सरकवून, गाडी टेकवेपर्यंत त्याला दोनदा थांबावं लागलं. टायरवर खडूने एक रेघ ओढली, खाली वाकून दांड्यावर एक. खडूचा तुकडा कर्टिसच्या वेळचा होता, खिळ्यांच्या डब्यात पडलेला... बारा वर्षांचा असेल तेव्हा, जुन्या पिकअपखाली त्याला आडवा घालून हेच शिकवलं होतं. टायरवर एक रेघ, दांड्यावर एक रेघ. एकाने चाक फिरवायचं, एकाने मोजायचं. एका फेऱ्याने भागत नाही, दहा फेरे घे, मग दहाने भाग, चूक असेल तर दहाव्या हिश्शाने कमी होते. पोरगं मन लावून मोजत होतं. मोजायला शिकवलं कुणी? मीच शिकवलं.

आणि मीच मोजलं नाही.

दोन हजार चारचा ऑगस्ट. मित्राच्या लग्नाला सेंट लुईसला जायचं म्हणून कर्टिसने ही शेव्हेल मागितली आणि मी दिली – एकोणीस वर्षांचा झालाय, देऊ या – आणि तिसऱ्या दिवशी दुपारी ती एका ट्रकच्या पाठीवरून परत आली, इंजिनात मुठीएवढं भोक. स्वयंपाकघरातलं टेबल. ग्लेंडा दारात उभी. कर्टिसच्या हाताला काळं तेल, धुतलेलंही नव्हतं.

किती पळवलीस? – पंचाहत्तर. काटा वर गेलाच नाही. – पंचाहत्तरला इंजिन फुटत नसतं. कुणाशी शर्यत लावलीस? – नाही लावली. बाबा, ती फार फिरते. पंचाहत्तरला किंचाळते. मागचा एक्सल कागदावरचा नाहीये, तुम्ही एकदा मोजून बघा.

मी उठलो. कपाटातून तो कागद आणला, प्लॅस्टिकच्या पाकिटातला, टेबलावर ठेवला आणि ओळीवर बोट ठेवलं. वाच. – वाचलाय मी. – मोठ्याने वाच. त्याने मोठ्याने वाचलं. एकोणीस वर्षांचा मुलगा, तेलाचे हात मांडीवर ठेवून, शाळेतल्यासारखा वाचत होता, तीन पूर्णांक एकतीस. मग म्हणाला, बाबा, दहा मिनिटांचं काम आहे, मी मोजतो, तुम्ही चाक फिरवा. आणि मी म्हणालो, खोटं बोलणाऱ्या माणसासाठी मी गाडी जॅकवर घेणार नाही.

हेच वाक्य. यात एकही शिवी नाही, आवाजही चढवला नव्हता. आठवड्याच्या आत तो गेला.

"हं, चल," ग्लेंडा म्हणाली. उलट्या टाकलेल्या बादलीवर बसून, एक हात गाडीवर टेकवून, बॅटरीचा झोत तिने खाली दांड्यावर धरला होता. बावीस वर्षं तिने शाळेची पिवळी बस चालवली. चढताना मोजायची, उतरताना मोजायची, ओठ हलवत. तिचं एकही पोर कधी कमी भरलं नाही.

"दोन्ही रेघा खाली आहेत?"

"माझी आहे."

त्याने चाक धरलं आणि ओढलं. दोन्ही चाकं एकत्र फिरणारा एक्सल, जड. खांद्यातून कळ आली. खडूची रेघ वर चढली, माथ्यावरून गेली, खाली आली. एक. त्याला मनातल्या मनात फक्त दहापर्यंत जायचं होतं. मोठे आकडे तिचे. तेहतीस, तो स्वतःशी म्हणत होता, तेहतिसाला थांबलं पाहिजे. दहा फेरे, तेहतीस आणि थोडंसं वर. तेहतीस झाले की फोन करू, बेताचा लांब पाचवा गिअर, त्या पोराला इंजिन सांभाळता आलं नाही ते नाहीच, आपण उगाच... दोन. तीन. ग्लेंडाचा आवाज खालून येत होता, सपाट, घाई नाही.

"बारा... तेरा..."

चार. दम लागला. तो थांबला नाही, कारण थांबलं तर ती वर बघेल. पाच. वीस ती आत्ताच ओलांडून गेली होती, आणि कुठेतरी – पाचव्या फेऱ्यात असेल – त्याच्या हातांना कळलं. डोक्याच्या आधी हातांना कळलं, कारण आयुष्यभर दाते त्यांनी मोजले होते. तरी हात फिरवत राहिले. सहा. सात. खडूची रेघ आठव्यांदा खाली येत होती.

"बत्तीस," ग्लेंडा म्हणाली. आणि मग, "तेहतीस."

आठ.

तिचा आवाज बदलला नाही. तेच तर अवघड होतं, की तो बदलला नाही. "चौतीस... पस्तीस..." जणू बसमध्ये पोरं चढतच होती आणि ती कुणालाही खाली उतरवणार नव्हती. नऊ. वेंडेलला वाटलं हात सोडून द्यावा, चाक आपोआप थांबेल, दहावा फेरा राहून गेला म्हणावं, खांदा दुखतोय म्हणावं, आणि तेही खोटं नव्हतं. "अडतीस... एकोणचाळीस... चाळीस..." दहा. रेघ खाली टेकली.

"एक्केचाळीस," ग्लेंडा म्हणाली.

बॅटरी विझली. बाहेर कुणाचं तरी पानं उडवायचं यंत्र चालू होतं, ते आता ऐकू यायला लागलं.

"पुन्हा?" तिने विचारलं.

"पुन्हा."

पुन्हा एक्केचाळीस.

ग्लेंडा बादलीवरून उठली, गाडीला धरून, टप्प्याटप्प्याने. गुडघ्यावरची धूळ तिने झटकली. तिच्याकडे बघायचं त्याने टाळलं आणि मग पाहिलंच. तिच्या चेहऱ्यावर, तुला सांगितलं होतं, असलं काही नव्हतं. तसं असतं तर बरं झालं असतं, त्यावर भांडता आलं असतं. ती फक्त दमलेली होती, त्याच्याइतकीच, त्याच एकोणीस वर्षांनी.

"घेवड्याचं सूप केलंय," ती म्हणाली. "मक्याचा पाव गरम आहे. फोन कर आणि ये."

ती गेल्यावर तो तिच्या बादलीवर बसला. खिशाचं बटण उघडलं, चिंधी सोडली आणि नखाने दाते मोजले. पंचवीस. कागदाप्रमाणे वीस हवे होते. सगळं चोख जुळत होतं, नंबर जुळतो म्हणतात तसं. पहिल्या मालकाला शनिवारच्या शर्यतींचा नाद असणार. त्याने नळी उघडून आतली जोडी बदलली, जोरात सुटणारी बसवली, आणि माणूस प्रामाणिक, म्हणून जाता जाता हे लहानसं चाकही बदललं. म्हणजे काटा खरं बोलत होता. पंचाहत्तर म्हणजे पंचाहत्तरच. तीनशे मैल जायचं, तीनशे यायचं, ऑगस्टचं ऊन, काटा पंचाहत्तरवर, आणि बॉनेटखाली इंजिन चार हजारांच्या घरात गरगरतंय, सांधे तेलाशिवाय भाजतायत... आणि आत बसलेलं पोर ऐकतंय की काहीतरी चुकतंय. त्याने ऐकलं. मी तीच गाडी एकवीस वर्षं चालवत होतो आणि मला वाटायचं, मोठं इंजिन असंच ओरडतं.

माहीत नव्हतं, असं म्हणावं का? इंजिन नव्याने बांधताना लेथवाल्याने एक जळकी चकती त्याच्यासमोर धरली होती. शर्यतीत तुटलेलं असं दिसत नाही बरं का, वेंडेल, हे लांबच्या पल्ल्याचं झिजणं आहे. वेंडेलने ती चकती घेतली, बघितली, आणि म्हणाला, इंजिनाचा मूळ नंबराचा ठोकळा वाचतोय ना, मग झालं. ठोकळा वाचला. तेव्हा कर्टिसला जाऊन जेमतेम दोन महिने झाले होते. नेब्रास्काचा पत्ता फ्रीजवर लावलेला होता. दोन महिन्यांत गेलो असतो तर... पण तेव्हा वेंडेल स्वतःच्या हिशेबाने बरोबर होता, आणि बरोबर असलेल्या माणसाला कुठे जावं लागत नाही. तो बसून राहतो. एकोणीस वर्षं या बरोबर असण्यात बसायला काय सुंदर जागा होती, पाठीला टेकू, हाताला टेकू, माझ्याशी खोटं बोलला आणि वर निघून गेला. माणसं विचारायची, मुलगा येत नाही का? आणि तो खांदे उडवायचा, आणि माणसं त्याच्याकडे जरा मायेने बघायची. ती माया त्याने घेतली. सगळी घेतली.

बाराला दहा कमी असताना त्याने फोन लावला.

"बोला, कागदवाले," रोंडा म्हणाली. मागे कुत्रा भुंकला.

"एक्केचाळीस. दहा फेऱ्यांना."

"चार पूर्णांक दहा. मला वाटलंच होतं. मग तुमची ती चांगली लांब पाचव्या गिअरची. सत्तरला इंजिन एक तृतीयांश उतरेल, बायकोशी कुजबुज करत जाल. ती दुसरी दिली असती तर चार दिवसांत शिव्या घातल्या असत्यात मला."

"हो."

"कागद चुकला म्हणायचा."

"कागद बरोबर आहे," वेंडेल म्हणाला. "कागदानंतर कुणीतरी आत बदल केला. मी बघितलं नाही." आणि मग, कारण ती ओहायोत होती, कारण तिचा चेहरा त्याने स्वतःच बनवलेला होता, "मी चुकलो."

"चुकतात हो सगळेच," रोंडा म्हणाली. पेन्सिल कागदावर चालल्याचा आवाज आला. "पेटी तीन आठवड्यांत येईल. पत्रा कापायच्या आधी फोन करा, नाहीतर नको तिथे कापाल. ठेवू?"

ठेवला. तीन वर्षांचं काम दोन मिनिटांत झालं होतं. त्यातलं अर्धं तिच्या पेन्सिलीत गेलं. तो फोन हातात धरून उभा राहिला. मी चुकलो. तोंडातून असं निघालं होतं, जसं कुणी रस्ता विचारावा आणि आपण सांगावा, डावीकडे वळा. आजवर त्याला वाटायचं, हे वाक्य बाहेर काढायचं तर आधी आतून काहीतरी फोडावं लागेल. काही फुटलं नाही. कुत्रा भुंकला, पेन्सिल चालली. ते वाक्य आता होतं, जिभेच्या टोकाला, वापरलेलं, जरासं ऊबदार, आणि ते ओहायोत खर्च करून संपलेलं नव्हतं.

भीती वाटली. ती स्पष्ट वाटली, आणि तिला दुसरं नाव देण्यात अर्थ नव्हता. काय म्हणेल तो? काहीच म्हणणार नाही कदाचित. बरं, म्हणेल, आणि मग गप्प बसेल, नऊशे मैलांपलीकडे, आणि ती शांतता ऐकत उभं राहावं लागेल. किंवा म्हणेल, आता कशाला मोजलंत? याला काय उत्तर... गिअरबॉक्ससाठी मोजलं, तुझ्यासाठी नाही. खरं ते हेच होतं. तुझ्यासाठी मी गाडी जॅकवर घेतलीच नाही, ओहायोच्या एका बाईने सांगितलं म्हणून घेतली. हेही सांगावं लागेल. एक खरं सांगायला गेलं की मागून दुसरं येतं, त्याच्या मागून तिसरं.

दमला होता तो. पण या दमण्याची जागा बदलली होती. आजवरचं दमणं जड पेटी पेलून उभं राहण्याचं होतं, पाय रोवून, दात आवळून. हे पेटी खाली ठेवल्यानंतरचं होतं, हात मोकळे झालेत आणि त्यांना कळत नाही की आता धरायचं काय.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून ग्लेंडाने काचेवर दोनदा बोट वाजवलं. सूप. त्याने हिरवं चाक पुन्हा चिंधीत गुंडाळलं, बाकाच्या खणात ठेवायला गेला, थांबला, आणि खिशातच टाकलं. मग सवयीने त्याने गॅरेजभर नजर फिरवली, उद्यासाठी काय काय काढून ठेवायचं ते बघायला. दर शनिवारी तो असं बघून ठेवायचा, दोनला पाच कमी असताना शोधाशोध नको म्हणून. गाडी घोड्यांवर उभी होती. पाने-हातोडे जागच्या जागी होते. एक्सल मोजून झाला होता. पेटी यायला तीन आठवडे होते. मेपलची पानं तेवढी दारातून आत येत होती, आणि ती झाडायला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत हे त्याला चांगलं माहीत होतं. उद्या दोन वाजता इथे करायला काहीच काम नव्हतं.